वाचकांचे प्रश्न : मुंगीचा दंश आणि घरातले उपाय

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मुंगी चावल्यावर काय लावावे याच विषयाची असल्याने हे सदर त्यासाठीच राखून ठेवले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुंगीच्या दंशात फॉर्मिक आम्ल असते आणि खाण्याचा सोडा लावला की ते उदासीन होते, असे आम्ही शाळेत शिकलो. परवा मुलाला लाल मुंग्या चावल्या तेव्हा सोड्याचा लेप लावला, पण आग काही थांबली नाही. मग पाठ्यपुस्तकातले चुकीचे होते का?

उत्तर : पुस्तकातले रसायनशास्त्र बरोबर आहे, पण ते येथे अर्धेच लागू पडते. मुंग्यांमध्ये आम्ल असते हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून ते मिळत असल्याची नोंद १६७१ साली प्रसिद्ध केली होती. मात्र सगळ्याच मुंग्या हे आम्ल बाळगत नाहीत. लाकूड पोखरणारे मुंगळे आणि पाने जोडून झाडावर घरटी करणाऱ्या मुंग्या ज्या गटात मोडतात, त्या गटाला नांगीच नसते. या मुंग्या जबड्याने त्वचेला चिमटा काढतात आणि पोटाच्या टोकातून त्या जागेवर आम्ल सोडतात. याउलट ज्यांचा दंश खरोखर पोळतो त्या ‘सोलेनॉप्सिस’ वंशातील लाल मुंग्या जबड्याने केवळ पकड घेतात, पोटाच्या टोकाची नांगी त्वचेत खुपसतात आणि पकड न सोडता अंग फिरवून ती पुन्हा पुन्हा खुपसतात. त्यामुळेच दंशाचे ठिपके पुष्कळदा गोलाकार किंवा कमानीत उठलेले दिसतात. या मुंग्यांच्या विषाचा सुमारे ९५ टक्के भाग अल्कलॉइडांचा असतो आणि अल्कलॉइडे मुळात आम्लारिधर्मी असतात, म्हणजे सोड्याने उदासीन करण्याजोगे आम्ल तेथे नसतेच.

जेथे आम्ल असते तेथेही सोड्याला फारसे काम उरत नाही. त्वचेवर सांडलेले आम्ल साध्या पाण्याने धुऊन जाते, आणि त्वचेखाली शिरलेल्या अंशापर्यंत वरून लावलेला लेप पोहोचत नाही. शिवाय पहिल्या काही क्षणांनंतर जी सूज, लाली आणि खाज जाणवते, ती बरीचशी आपल्याच शरीराने सोडलेल्या हिस्टामिनसारख्या द्रव्यांमुळे असते. गंमत अशी की काही पत्रलेखकांना सोड्याने, म्हणजे सौम्य आम्लारीने, आराम पडला आहे, तर काहींना व्हिनेगरने, म्हणजे आम्लाने. दोन परस्परविरोधी पदार्थ एकाच दुखण्यावर लागू पडत असतील, तर आराम देणारी गोष्ट त्या दोहोंत समान असलेली कोणती तरी असली पाहिजे, आणि ती म्हणजे ओलावा व त्यामुळे मिळणारा गारवा. त्यात साध्या चाव्याची आग बहुधा थोड्याच वेळात आपोआप उतरते, आणि त्या सुमारास जे काही लावलेले असेल त्याला श्रेय मिळून जाते.

माझा सोड्याला विरोध नाही. चमचाभर सोडा थोड्या पाण्यात कालवून, न फुटलेल्या त्वचेवर दहा मिनिटे लावून धुऊन टाकला तर अपाय होण्याचे कारण नाही. तो रात्रभर बांधून ठेवू नये इतकेच, कारण निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि आम्लारी लेप तिच्यावर फार वेळ राहिला तर ती कोरडी पडून आणखी चुरचुरते.

प्रश्न : मग नेमके करायचे तरी काय? सगळे उपाय बाजूला ठेवून क्रम सांगावा.

उत्तर : आधी मुंग्या अंगावरून निघाल्या पाहिजेत. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण बहुतेकांची चूक येथेच होते. नांगी मारणाऱ्या मुंग्यांची जबड्याची पकड घट्ट असल्यामुळे नुसते पाणी ओतून किंवा पाय झटकून त्या सुटत नाहीत. हाताने किंवा फडक्याने जोरात पुसून त्यांना खाली पाडावे लागते. वारुळापाशी उभे असाल तर आधी तेथून दूर व्हावे, कारण डिवचलेल्या मुंग्या हवेत धोक्याचा गंध सोडतात आणि बाकीच्या मुंग्या त्या गंधामागे धावून येतात. पायमोजे, बूट, विजारीची शिवण या जागा तपासल्याशिवाय हे काम पुरे झाले असे मानू नये. मधमाशीप्रमाणे मुंगीची नांगी सहसा त्वचेत अडकून राहत नाही, त्यामुळे काटा शोधत सुईने टोकरण्याचे कारण नाही.

त्यानंतर साबण आणि पाण्याने जागा स्वच्छ धुवावी. वरचे आम्ल आणि माती जाते, आणि पुढे नखांनी खाजवले गेलेच तर जंतुसंसर्गाची शक्यता कमी होते. हाताला चावले असेल तर अंगठी आणि बांगड्या लगेच उतरवाव्यात; सूज आल्यावर त्या निघत नाहीत आणि मग कापाव्या लागतात.

यानंतरचा उपाय सर्वांत गुणकारी आहे आणि तोच सर्वांत कमी लोक नीट करतात. बर्फाचे खडे कापडात गुंडाळून दंशाच्या जागी दहा ते पंधरा मिनिटे ठेवावेत, मग तेवढाच वेळ थांबून पुन्हा ठेवावेत, आणि असे दोन-तीन वेळा करावे. थंडीने तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज मर्यादित राहते आणि वेदना व खाज यांचे संदेश वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे काम मंदावते. बर्फ उघड्या त्वचेवर थेट धरू नये, कारण त्यानेही त्वचा करपते. बर्फ नसेल तर गार पाण्यात पिळलेली घडी चालते, फक्त ती वरचेवर बदलावी लागते. पायाला चावले असेल तर शेकताना पाय उशीवर उंच ठेवावा. गरम चमचा टेकवण्याची युक्ती काही जण सांगतात, पण घरच्या घरी चमच्याचे तापमान कोणी मोजत नाही आणि मुंगीच्या चाव्यावर भाजल्याची जखम जडते.

आग शमल्यावर खाज उरते. तिच्यासाठी कॅलामाइन लोशन पुरेसे असते. ते वाळताना थंडावा देते आणि त्यातील झिंक ऑक्साइड त्वचेला सौम्य असते. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन असलेले मलम दिवसातून दोन वेळा, दोन-तीन दिवस लावता येते, मात्र फुटलेल्या त्वचेवर आणि डोळ्यांभोवती लावू नये. खाजेने रात्री झोप येत नसेल तर सेटिरिझिनसारखी गोळी उपयोगी पडते. तिने काहींना गुंगी येते, म्हणून ती घेऊन वाहन चालवू नये, आणि गरोदर स्त्रियांनी किंवा इतर औषधे चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी प्रत्येक दंशावर पांढरट टोकाची पुटकुळी आली आहे. पू झाला असे समजून ती फोडावी का?

उत्तर : फोडू नये. नांगी मारणाऱ्या लाल मुंग्यांच्या दंशावर साधारण २४ तासांत अशी पुटकुळी येणे ही त्या दंशाची ओळखच आहे. आत पुवासारखे दिसणारे द्रव्य असले तरी त्यात जंतू नसतात. विषाने मेलेल्या पेशी आणि त्या उचलायला आलेल्या पांढऱ्या पेशी यांचा तो साठा असतो. वरची पातळ त्वचा शाबूत आहे तोवर आतला भाग सुरक्षित असतो. ती फोडली की नखांवरच्या जंतूंना वाट मिळते, आणि आठवडा-दहा दिवसांत विनासायास बरे झाले असते त्याचे व्रण होऊन बसते. पुटकुळी येऊच नये असा खात्रीचा उपाय नाही, तेव्हा त्यासाठी वेगवेगळी मलमे आणून लावण्यात अर्थ नाही. आपोआप फुटली तर साबणाने धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी.

दोन-तीन दिवसांनंतर लाली कमी होण्याऐवजी पसरू लागली, जागा गरम लागून ठणकू लागली, त्यातून लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजून डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी पायावरच्या दंशाची विशेष काळजी घ्यावी. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर खाजवून झालेली जखम त्यांच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : लिंबू, लसूण, टूथपेस्ट, मध, कोरफड, रॉकेल यांपैकी घरात काय ठेवावे?

उत्तर : कोरफडीचा ताजा गर थंडाव्यासाठी ठीक आहे, पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी गळू द्यावा, कारण तो काहींना बाधतो. मध लावल्याने फार काही बिघडत नाही, फक्त चिकटपणा उरतो आणि, मुंग्यांचाच विषय चालला आहे म्हणून सांगतो, त्या वासाने त्या परत येऊ शकतात. टूथपेस्टमधील मेंथॉलने क्षणभर गार वाटते, पण तिच्यातील इतर घटक त्वचेला झोंबतात. ठेचलेली लसूण बांधून ठेवल्यास त्वचेवर अक्षरशः भाजल्यासारखे फोड येतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्यांची सूर्यप्रकाशाशी क्रिया होऊन त्वचा पोळते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. रॉकेल, ब्लीच किंवा अमोनिया यांना त्वचेजवळ फिरकूही देऊ नये.

प्रश्न : रात्री काहीच चावल्याचे जाणवले नाही, पण सकाळी मानेवर रेघेसारखा लाल, जळजळणारा चट्टा दिसला. घरच्यांच्या मते मुंगी चावली. हे खरे असेल का?

उत्तर : वर्णनावरून ती मुंगी नसावी. ‘पिडेरस’ नावाचा एक बारीक, काळ्या-नारिंगी रंगाचा भुंगेरा दिव्याच्या उजेडाकडे येतो आणि लांबट आकारामुळे पाहणाऱ्याला तो मुंगीच वाटतो. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागते आणि साधारण एका दिवसानंतर, जेथून हात फिरला तेथे लांबट चट्टा व बारीक फोड उठतात. मुंगीची आग चावताच सुरू होते, हा मुख्य फरक आहे. असा किडा अंगावर दिसल्यास चिरडू नये, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला मुंग्या चावल्या तर मोठ्यांचेच उपाय करावेत का?

उत्तर : धुणे आणि गार पाण्याची घडी हे दोनच उपाय जसेच्या तसे करावेत; बर्फाऐवजी घडीच बरी, आणि तीही थोडा थोडा वेळ. कापूर किंवा तीव्र मेंथॉल असलेले बाम बाळाला अजिबात लावू नयेत. कापूर त्वचेतून किंवा तोंडावाटे शरीरात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाळ दंशाची जागा तोंडात घालते हे लक्षात घेता मध लावणेही टाळावे, कारण एक वर्षाच्या आतील मुलाच्या पोटात मध जाणे धोक्याचे असते. नखे बारीक कापावीत आणि रात्री हातमोजे घालावेत. दंश पुष्कळ असतील, किंवा तोंडात वा डोळ्याजवळ झाले असतील, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मागच्या वेळी मुंगी पायाला चावली असतानाही सर्वांगावर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. तासाभरात उतरले. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : पुढच्या वेळेची वाट पाहू नये. दंशाच्या जागी कितीही मोठी सूज आली, ती तळहाताएवढी झाली, तरी ती बहुधा स्थानिक प्रतिक्रियाच असते आणि काही दिवसांत ओसरते. मात्र दंशापासून दूर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वासाला घरघर लागणे, चक्कर येणे, उलट्या होणे ही सर्व शरीराला झालेल्या तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत आणि पुढचा दंश यापेक्षा भारी जाऊ शकतो. अशा वेळी सोडा, बर्फ किंवा गोळी यांत मिनिटे घालवू नयेत. तातडीचे औषध ॲड्रेनालिन हेच आहे आणि ते मांडीच्या स्नायूत टोचले जाते. मदत येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर बसते ठेवावे, पण एकदम उभे करू नये. बरे वाटल्यावरही काही तास रुग्णालयात देखरेखीखाली राहावे, कारण लक्षणे परतू शकतात.

आपण ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी आणि स्वतः टोचण्याचे ॲड्रेनालिन जवळ ठेवावे का हे विचारावे. काही मुंग्यांच्या बाबतीत विषाचे अगदी अल्प, पुढे वाढत जाणारे डोस देऊन शरीराला सवय लावण्याचे उपचारही आहेत. ऑस्ट्रेलियातील टास्मानियामध्ये ‘जॅक जम्पर’ मुंगीच्या ॲलर्जीसाठी ते दिले जातात. आपल्याला कोणती मुंगी चावली हे तज्ज्ञांना सांगता आले तर निदान सोपे होते, म्हणून शक्य असल्यास मेलेली मुंगी डबीत घालून सोबत न्यावी.