घर-संसार प्रश्नोत्तरे: अधीनतेचं अर्धं वचन आणि इतर प्रश्न

सगळ्यांना जय ख्रिस्त. यावेळी प्रश्न भरपूर आले, पण नीट वाचले तर घोळ तोच आहे. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड पाठवतं, कोणी युट्यूबवर संदेश ऐकतं, त्यावर घरात निर्णय होऊन राहिले, आणि पास्टर, डॉक्टर, वकील यांना विचारायचं सुचतं ते सगळ्यात शेवटी. मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम करते, मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहिते ते दिशा म्हणून घ्या आणि कागद वकिलाला दाखवूनच पाऊल उचला. नावं सगळी काढून टाकली आहेत.

प्रश्न: मुलाचं लग्न डिसेंबरात आहे. लॉन संध्याकाळनंतरच मिळून राहिलं. पास्टरांनी रात्री 8 वाजता लॉनवरच विधी केला तर चालेल का? (जरीपटका)

उत्तर: नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात विधीची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 आहे आणि साधारणपणे तो चर्चमध्येच व्हायला पाहिजे, सूट मिळते ती विशेष परवान्यावर आणि तीही सगळ्याच मंडळ्यांना नाही. दुपारी चर्चमध्ये विधी करा, रात्री लॉनवर रिसेप्शन. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी पास्टरांना भेटा.

प्रश्न: बाबा मृत्युपत्र न करता गेले. आई आहे, दोन भाऊ, आम्ही दोघी बहिणी. भाऊ म्हणतात ख्रिस्ती लोकांत लग्न झालेल्या मुलीला काही मिळत नाही. (कामठी)

उत्तर: चूक आहे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आईला एक तृतीयांश आणि उरलेलं तुम्हा चौघांत सारखं, म्हणजे प्रत्येकाला एक षष्ठांश. मुलगा-मुलगी फरक नाही, लग्न झालेली-न झालेली हाही फरक नाही. हक्कसोडपत्र समोर ठेवलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, भावाने कितीही गोड बोलून आणलं तरी.

प्रश्न: लग्नाला 9 वर्षं झाली. नवरा दर रविवारी उपासनेला येतात, कॉयरमध्ये आहेत, पण घरी हात उचलतात, मुलांसमोर. सासूबाई म्हणतात पत्नीने अधीन राहावं हे बायबलमध्येच लिहिलंय. प्रार्थना ग्रुपच्या एका ताईंनीही तेच सांगून मला 40 दिवसांचा उपास धरायला लावला. मी माहेरी गेले तर देवाचा अपमान होईल का? (सदर)

उत्तर: नाही होणार. आणि ताई, आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा, बाकीचं नंतर वाचा. मारहाण सुरू असेल तर 112, सल्ला आणि आसरा पाहिजे तर महिला हेल्पलाइन 181. दवाखान्यात जायची वेळ आली, नागपुरातलं मेयो असो की मेडिकल, तर बाथरूममध्ये पडले असं सांगू नका. कोणी मारलं ते डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा, तो कागद पुढे कामी येतो.

आता बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न सारखा येतो आणि दरवेळी त्यासोबत तेच अर्धं वचन येतं. इफिसकरांस पत्राचा 5 वा अध्याय मी पूर्ण मानते. पती हा पत्नीचं मस्तक आहे हे मी संडे स्कूलमध्ये शिकले आणि आजही तेच शिकवते, जमाना बदलला म्हणून ते बदलणार नाही. पण पत्नीने अधीन राहावं या 22 व्या वचनावर बोट ठेवून पुस्तक बंद करणाऱ्यांना मला विचारायचंय, त्याच्याआधीचं 21 वं कुठे गेलं, जिथे एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलंय? आणि 25 वं, जिथे ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम नवऱ्याने बायकोवर करावं असं आहे? बायकोला सांगितलेलं तीन वचनांत संपतं, नवऱ्याला सांगितलेलं अध्यायाच्या शेवटपर्यंत चालतं, आणि आपल्याकडे पाठ मात्र पहिलंच. ख्रिस्ताने मंडळीसाठी मार खाल्ला, मंडळीवर हात उचलला नाही, तर मग ख्रिस्तासारखं मस्तक व्हायचं म्हणजे काय ते त्या घरातल्या पुरुषाने सांगावं.

पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय 3, वचन 7 काढा. जो नवरा पत्नीला मान देत नाही त्याच्या प्रार्थनेत अडथळा येतो असं तिथे सरळ आहे. मग 40 दिवसांचा उपास मार खाणाऱ्या बाईला का लावला, मारणाऱ्याला का नाही? त्या ग्रुपच्या ताईंनी याचं उत्तर द्यावं.

दुसरं अर्धं वचन बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचं. देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे, 2:16, हे सगळ्यांना तोंडपाठ. त्याच वचनात पुढे, वस्त्रासारखी हिंसा पांघरणाऱ्याचाही तिटकारा आहे, तो भाग मी व्यासपीठावरून क्वचितच ऐकते आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मी घटस्फोटाच्या बाजूची नाही. लग्न हा देवासमोरचा करार आहे, पटत नाही म्हणून तो मोडू नये, आणि ज्या घरात अजून बोलणं चालू आहे त्यांना मी जोडूनच ठेवायचा प्रयत्न करते. पण जीव वाचवायला वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नाही. पौलानेही करिंथकरांस पहिल्या पत्रात, अध्याय 7 मध्ये, पत्नी वेगळी झालीच तर तिने दुसरं लग्न न करता राहावं किंवा समेट करावा असं लिहिलंय, म्हणजे वेगळं राहायची वेळ येऊ शकते हे त्याला माहीत होतं. कायद्यातही तशी सोय आहे, 1869 च्या घटस्फोट कायद्यातच न्यायिक विभक्तता आहे, म्हणजे लग्न कायम, एकत्र राहायची सक्ती नाही. आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे, त्यात संरक्षण, राहायची जागा आणि खर्च मागता येतो, त्यासाठी घटस्फोटाची केस टाकावी लागत नाही. ख्रिस्ती बाईला कोर्टात काहीच मिळत नाही हे जे जुने लोक सांगतात ते 2001 च्या दुरुस्तीच्या आधीचं आहे, तेव्हा नुसत्या क्रूरतेवर तिला घटस्फोट मिळत नव्हता. आता तसं नाही. या 2005 च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि वकील, दोघांनाही भेटा, आजच.

पास्टर मंडळींना एक विनंती. मार चालू असताना नवरा-बायकोला एकत्र समोर बसवून समेट करू नका. ती तुमच्यासमोर जे खरं बोलते त्याची वसुली घरी गेल्यावर होते. दोघांना वेगवेगळं भेटा, आणि त्या भावाला कॉयरमधून बाजूला करायचं चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने लांबवू नये. बहुतेक बहिणी माझ्याकडे येतात तेव्हा मार सुरू होऊन वर्षं झालेली असतात, मधल्या काळात सगळ्यांनी त्यांना नुसतं थांब म्हटलेलं असतं. पहिल्याच वेळी या.

प्रश्न: 22 वर्षांच्या मुलाने सांगितलं की त्याला मुलांचंच आकर्षण आहे, मुलींचं नाही. आम्ही दोघं रडून राहिलो. नातेवाईक म्हणतात लग्न लावून द्या, सुधरेल. एकांनी तीन दिवसांचं सुटका शिबिर सांगितलं, फी 25 हजार. (मोहननगर)

उत्तर: शिबिराला पैसे देऊ नका, आणि लग्न तर मुळीच लावू नका. कोणाच्या तरी मुलीचं आयुष्य तुम्ही औषध म्हणून वापरणार आहात का? विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, ही आपली शिकवण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापासून आहे, प्रभूनेही मत्तयाच्या 19 व्या अध्यायात तीच सांगितली आणि मीही ती धरून आहे. तुमच्या मुलालाही ती माहीत आहे, तुमच्याच घरात वाढलाय तो, रोज जेवताना ऐकवायची गरज नाही. त्याने बाहेर कोणाला न सांगता आईबापांना सांगितलं, याचा अर्थ त्याचा तुमच्यावर भरवसा आहे, तो मोडू नका. घराबाहेर काढणं, फोन काढून घेणं, मारणं, यातलं काहीही ख्रिस्ती नाही.

अर्धवट बातम्याही फार फिरतात म्हणून सांगते, 2018 पासून असे संबंध हा गुन्हा नाही, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आकर्षण बदलून देतो म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलंय, डॉक्टरला जे करता येत नाही ते शिबिरवाल्याला कसं येईल? मुलगा गप्प राहत असेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलला असेल तर एक दिवसही थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्रीही चालतो. तुम्ही दोघं मला किंवा तुमच्या पास्टरांना भेटा, मुलाला ओढून आणू नका, यायचं असेल तर तो येईल.

प्रश्न: आईला मिरगी आहे. ऑनलाइन प्रार्थना घेणाऱ्या एका संदेष्ट्याने तिला बरी झालीस असं सांगून गोळ्या बंद करायला लावल्या, 1100 रुपयांचं अभिषेकाचं तेलही पाठवलं. विश्वास कमी पडू नये म्हणून आम्ही गप्प आहोत. (काटोल)

उत्तर: गप्प राहू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. मिरगीची गोळी एकदम बंद केली की लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. गोळी पुन्हा किती आणि कशी सुरू करायची तेही डॉक्टरच सांगतील, मनाने सुरू करू नका. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि मी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते, पण बायबलमध्ये यशया संदेष्ट्याने आजारी हिज्कीया राजाला बरं होशील सांगितलं तेव्हा अंजिराचा लेपही लावायला सांगितला होता, आणि पौलाच्या सोबतीला असलेला लूक वैद्यच होता. खरंच बरं वाटत असेल तर तपासणीला घाबरायचं कशाला? मिरगी बरी करतो अशी औषधाची किंवा उपायाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पावती आणि मेसेज जपून ठेवा, तक्रारीला लागतील.

प्रश्न: मुलीला ऑफिसमधला एक मुलगा पसंत आहे, बौद्ध घरातला, चांगला आहे. काही म्हणतात त्याचा बाप्तिस्मा करून घ्या म्हणजे प्रश्न मिटला. एका एजंटने 15 हजारांत एका दिवसात कोर्ट मॅरेज करून देतो म्हटलं. (हिंगणा)

उत्तर: एजंटला हाकलून द्या. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 30 दिवसांची नोटीस आहे, एका दिवसात होतं ते काय असेल याचा विचार करा. विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याशीच लग्न करावं असं मी मानते आणि मुलीला तेच सांगेन, प्रेमाने, समोर बसवून. कारण रविवारी कुठे जायचं, मुलांना काय शिकवायचं, हे प्रश्न लग्नानंतर येतातच. पण लग्नासाठी बाप्तिस्मा हा देवासमोर खोटं बोलण्याचा प्रकार आहे, तो कोणत्याही पास्टरांनी देऊ नये, आणि मुलाच्या आईवडिलांच्या श्रद्धेचाही मान ठेवा. आपल्या नागपुरात राहिलेले कवी ना. वा. टिळक आठवा, ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पत्नी लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हतं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग एकत्र आले आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पुढे, स्वतःला पटल्यावर. मुलगी सज्ञान आहे, निर्णय शेवटी तिचा. ती काय ठरवते त्यावर घराचं दार बंद करू नका. दोघांनाही लग्नाआधीच्या समुपदेशनाला पाठवा, तारीख ठरायच्या आधी.

प्रश्न: 11 वर्षं मूल नाही. एका दवाखान्यातल्या बाईने 3 लाखांत नवजात बाळ आणि आमच्या नावाचा जन्मदाखला देते म्हटलं. देवाने दार उघडलं असं समजावं का? (मेकोसाबाग)

उत्तर: नाही, ही लेकराची विक्री आहे, घेणाऱ्यालाही शिक्षा होते, आणि ते बाळ कोणत्या आईकडून कसं आलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याने ख्रिस्ती जोडप्यांनाही पूर्ण दत्तक घेता येतं, पूर्वी 1890 च्या कायद्याखाली आपल्याला फक्त पालकत्व मिळायचं. नोंदणी कारा (CARA) या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते, रांग लांब आहे, म्हणूनच आज नोंदणी करा, 11 वर्षं आधीच गेलीत. आणि त्या बाईबद्दल 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.