सड्यावर चौकट टाकण्याआधी

पहिल्यांदाच कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळावर, वनस्पतींच्या नमुना-नोंदी घ्यायला निघालायस, म्हणून मनापासून सांगते. फुलं दिसतील तिथे चौकट (आतल्या वनस्पती नोंदवायची चौरस फ्रेम) टाकू नकोस. पहिला मोह तोच होतो. मीही तेच केलं होतं आणि अख्ख्या पावसाळ्याच्या नोंदी वाया गेल्या, कारण डोळ्यांनी निवडलेली जागा सड्याचं खरं चित्र दाखवत नाही. मोजायच्या दोन टेपा काटकोनात अंथर, यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या कुठल्याही, संख्यांच्या जोड्या काढ आणि आकडे नेतील तिथे 1 मीटर बाजूची चौकट ठेव. नुसता उघडा कातळ आला तरी तो लिही. शून्य हीसुद्धा नोंदच असते.

मात्र ओलावा कुठे कसा बदलतो हे बघायचं असेल, तर डबक्याच्या काठापासून कोरड्या कातळापर्यंत दोरी ताण आणि दर 2 मीटरवर चौकट टाक. प्रत्येक चौकटीत बारीक सळईने मातीची खोली मोज, तीही चार-पाच जागी. जांभ्याच्या खळग्यांत ती वीतभर अंतरावर बदलते. सीतेची आसवं ही इवली कीटकभक्षी रोपं ओल्या, पातळ मातीत का दाटतात, ते या आकड्यांतूनच उलगडू लागतं. तिथे नत्र कमी, म्हणून ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा फार आनंद होतो बघ!

हवेचं तापमान रोज ठरलेल्या वेळी, सावलीत घे. मातीचा सामू (pH, म्हणजे ती किती आम्ल वा अल्क आहे ते) मोजताना ऊर्ध्वपातित पाणीच वापर, नळाचं नको. आणि रोपं उपटून आणू नकोस, फोटो पुरेत.