गणपतीला दहा दिवस गावी जातोय, घरच्या एसीचं काय करून जावं?

नुसता रिमोटने बंद करून निघू नका, एसीचा एमसीबीच, म्हणजे वीजपेटीतला त्याचा स्विच, खाली पाडा. रिमोटने बंद केला तरी आतल्या सर्किटला वीज मिळतच असते. आमच्या खारघरच्या घरी एकदा वीज ये-जा करत होती, त्यात इन्व्हर्टर एसीचा पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) उडाला, तेव्हा अक्कल आली.

पण खरं काम त्याआधीचं. आदल्या दिवशी फिल्टर नळाखाली धुऊन सावलीत वाळवा. निघण्यापूर्वी ते बसवून एसी तासभर फक्त फॅन मोडवर चालवा. कूलिंगनंतर आतली कॉइल ओलीच राहते. त्यात भाद्रपदातली आपली दमट हवा आणि बंद घर. परत आल्यावर पहिल्या झुळुकीलाच ओल्या गोणपाटासारखा वास येतो ना, तो तिथल्या बुरशीचा.

ड्रेन पाइपचं टोक मोकळं आहे ना, बघून घ्या. आउटडोअर युनिटला प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते. गॅलरीतून हात पोचत असेल तरच त्याच्यामागच्या काड्या काढा. घर रिकामं झाल्याचं कबुतरांना वॉचमनच्या आधी कळतं! दहा दिवसांसाठी रिमोटचे सेल काढले नाहीत तरी चालेल.