सोलापुरात मुलीने मनगटावर टॅटू काढला तर नोकरीला आणि लग्नाला खरंच अडचण येते का?

वय बावीस, मनगटावर पिसाचा टॅटू काढायचाय, आणि घरचे म्हणतात "नोकरी मिळायची नाही, स्थळं यायची नाहीत", असं तू लिहिलंयस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी नोकरीचं बघू, कारण तिथले नियम लिहिलेले असतात. सीआरपीएफ, सीआयएसएफसारख्या केंद्रीय सुरक्षा दलांत भरती व्हायचा विचार असेल तर तूर्त थांब. तिथे टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूला नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान लागतो. डावाच का, तर सलाम उजव्या हाताने ठोकतात. शिवाय तो देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव असावा लागतो. तुझं पीस यात कुठे बसवणार? शिक्षिका व्हायचं असेल तर मार्च २०२४ चा शासन निर्णय वाच. जीन्स-टीशर्ट नको, बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, असा सगळा भर कपड्यांवर आहे. खाजगी कंपनीत पूर्ण बाहीचा कुर्ता घातला की विषय संपला.

आमचा युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे. सोलापूर म्हणजे चादर असं बाहेरचे समजतात, पण देशभरातल्या शाळांचे गणवेश इथे शिवले जातात. २०१७ साली त्याचं मोठं प्रदर्शनही इथे भरलं होतं. लोकांची मतं कशी बदलतात ते मला ऑर्डरच्या वहीत दिसतं. आधी मोठ्या मुलींसाठी सलवार-कमीज आणि व्ही आकारात पिनअप केलेली ओढणी असायची, घडी हलली की बाई ओरडायच्या. मग ओढणी गेली, कोटी आली. आता काही शाळा मुला-मुलींना एकच शर्ट-पँट सांगतात. यातला एकही बदल भाषणं देऊन झाला नाही. ओढणी सायकलच्या चाकात अडकते, पीटीच्या तासाला आड येते, म्हणून झाला. तुळजापूरला मे २०२३ मध्ये तोकड्या कपड्यांना बंदीचे फलक लागले, ओरड झाली आणि लगेच मागेही घेतले. इकडे लोक नियमाआधी स्वतःच बदलतात, आणि मग 'आमच्यात असं चालत नाही' असंही म्हणत राहतात.

आता लग्न. माझ्या सासूबाईंच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, हातावर तुळस. गोंदणारीण दारात यायची, सुया एकत्र बांधून काजळीचा रंग टोचायची. रंग हिरवट पडलेला, कडा पसरलेल्या. शेवटी शेवटी ती तुळस आहे हे माहिती असलं तरच कळायचं. सासूबाई तेव्हा घरातली सून, त्यांना कुणी 'काढू का' विचारलं नव्हतं, मोठ्यांनी बसवलं आणि टोचलं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मशीनवाले बसायचे, त्यांच्याकडून नवऱ्याचं नाव गोंदवून घेतलेल्या बायका आमच्या पूर्व भागात अजून भेटतील. तेव्हा शाईशी कुणाचं वाकडं नाही. पोराच्या दंडावर त्रिशूळ किंवा राजमुद्रा असली तर कौतुकच होतं. मुलीने स्वतःच्या मनाने, कुणाला न विचारता काढलं की मगच ते 'फार फॉरवर्ड' होतं. खरा आक्षेप तिथे आहे आणि तो टॅटू न काढताही दुसऱ्या कशावरून निघतोच.

स्थळ एखादं जाईल, नाही असं नाही. पण मनगटावरच्या पिसावरून मोडणारं घर पुढे तुझ्या केसांवर, नोकरीवर आणि माहेरी जाण्यावरही बोलणार आहे. असं घर बघण्याच्या कार्यक्रमातच गळालं तर तुझा चहा-पोह्यांचा खर्च वाचला समज. आईला मात्र आधी सांग. परवानगी माग असं नाही म्हणत, नुसतं सांग. नातेवाइकांपुढे "मला माहिती होतं" म्हणायची सोय तिला लागते.

काढणारच असशील तर कुणाचं नाव टाळ. लेझरने पुसायला बऱ्याच वेळा जावं लागतं, मध्ये काही आठवडे थांबावं लागतं, आणि हिरवा-निळा रंग काळ्यापेक्षा चिवट असतो. सुई तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लाव. एकच सुई दहा जणांना वापरली तर काविळीसारखे आजार रक्तातून येतात. रक्तदान करत असशील तर टॅटू काढल्यावर वर्षभर करता येत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये अजिबात नको. आपल्याकडचं ऊन, घाम, त्यावर स्कार्फ आणि हातमोजे घालून स्कूटी चालवायची, जखम चिघळते. दिवाळी झाल्यावर जा.