संपलेल्या गोष्टीला उत्तरार्ध असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’ या इंग्रजी कादंबरीमालेचा मराठीत परिचय लिहीत आहेत. त्यात त्यांनी वाक्य लिहिलं, ‘मालिकेचा उत्तरार्ध २०११ मध्ये सुरू झाला.’ त्यांच्या मैत्रिणीने ‘उत्तरार्ध’ या शब्दाखाली रेघ मारली. वाचकांचं म्हणणं असं की आधी तीन पुस्तकं आली, नंतर तीन आली, म्हणजे हिशेबाने बरोबर निम्मं-निम्मं होतं, मग उत्तरार्ध का म्हणायचं नाही? आणि नसेल म्हणायचं तर दुसरा शब्द कोणता? ‘सीक्वेल’ त्यांना नको आहे.

मी मैत्रिणीच्या बाजूने आहे. पण तिने रेघ मारून सोडून दिलं, ते पुरेसं नाही. कारण या एका शब्दाच्या आसपास मराठीत इतके जवळजवळचे शब्द उभे आहेत की कोणता कुठे बसतो हे बघताना गोष्ट ‘संपणे’ म्हणजे काय, इथपर्यंत जावं लागतं.

आधी मालिकेचा तपशील, कारण शब्द त्यावरच ठरणार आहे. कॅसांड्रा क्लेअर यांची ही त्रयी. ‘सिटी ऑफ बोन्स’ २००७ मध्ये आलं, ‘सिटी ऑफ ॲशेस’ २००८ मध्ये आणि ‘सिटी ऑफ ग्लास’ २००९ मध्ये. न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या क्लेरी नावाच्या मुलीला कळतं की आपल्याच शहरात, इतरांच्या नजरेआड, राक्षसांशी लढणाऱ्यांचं एक जग नांदतं आहे. तिची आई नाहीशी होते आणि गोष्ट सुरू होते. तिसऱ्या पुस्तकात काय होतं? (ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा.) आई जागी होते. खलनायक व्हॅलेंटाईन मरतो. क्लेरी आणि ती ज्याच्या प्रेमात पडते तो जेस, यांच्यामधला जन्माचा गुंता सुटतो. लढाईनंतर उत्सव होतो, आकाशात आतषबाजी होते. पहिल्या पानावर जे जे प्रश्न पडले होते त्यांची उत्तरं मिळालेली असतात. २००९ मध्ये ज्याने हे पुस्तक मिटलं त्याने अर्धी गोष्ट वाचून मिटलं नव्हतं. पुढे २०११, २०१२ आणि २०१४ मध्ये त्याच नावाखाली आणखी तीन पुस्तकं आली.

आता ‘उत्तरार्ध’. शब्दाचा अर्धा भार ‘अर्ध’वर आहे. आयुष्याचा उत्तरार्ध, शतकाचा उत्तरार्ध, ग्रंथाचा उत्तरार्ध असं आपण म्हणतो, तेव्हा एक अखंड वस्तू डोळ्यांपुढे असते आणि तिचे दोन तुकडे केलेले असतात. पूर्वार्धाशिवाय उत्तरार्ध नाही. म्हणून २०११च्या पुस्तकांना उत्तरार्ध म्हटलं की आधीची तीन पुस्तकं आपोआप पूर्वार्ध होतात, म्हणजे अपुरी ठरतात. मोजणीत तीन आणि तीन जुळले हा योगायोग आहे. नंतर चार पुस्तकं आली असती तर शब्द बदलला असता का?

उत्तरार्धाचं खरं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या ‘कादंबरी’ या शब्दाच्याच पोटात आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची संस्कृत ‘कादंबरी’ त्याच्या मृत्यूमुळे अर्ध्यावर राहिली. त्याच्या मुलाने ती पुरी केली. आपल्या भागाच्या सुरुवातीला त्याने जे लिहिलं त्याचा भावार्थ असा: वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबरच ही कथाही पृथ्वीवर तुटली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना होणारं दुःख पाहून मी हे काम हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. मूळ श्लोकात त्याने ‘विच्छेद’ असा शब्द वापरला आहे. गोष्ट तुटलेली होती, कोणीतरी ती जोडायला हवी होती. तिथे उत्तरभाग म्हणा, उत्तरार्ध म्हणा, शोभतं. ज्या साहित्यप्रकाराला आपण आज कादंबरी म्हणतो त्याचं नावच अशा दोन हातांनी पुऱ्या झालेल्या पुस्तकावरून आलं, हे मला प्रत्येक वेळी नव्याने आवडतं.

क्लेअर यांच्या त्रयीत विच्छेद नव्हता. तिथे, आपल्या व्रतांच्या कहाण्या संपताना म्हणतात तसं, ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झालं होतं.

या ओळीपाशी क्षणभर थांबते, कारण ‘उत्तर’ इथेही आहे आणि तो ‘उत्तरार्धा’तला नाही. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल, वचन. साठ बोलांत सांगायची कहाणी पाच बोलांत सांगितली, असा या ओळीचा अर्थ साधारणपणे लावतात. ‘उत्तरार्धा’तला उत्तर म्हणजे नंतरचा. हा दुसरा ‘उत्तर’ स्वतः निर्दोष आहे. खटकतो तो त्याला चिकटलेला ‘अर्ध’.

म्हणून ‘अर्ध’ काढून टाकला की ‘उत्तरकथा’ हा चांगला शब्द हाती येतो. त्याला घरंदाज आधारही आहे. संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘महावीरचरित’ नाटकाची कथा रामाच्या राज्याभिषेकाशी पुरी होते आणि त्यानंतरच्या आयुष्यावर त्याने ‘उत्तररामचरित’ हे वेगळं नाटक लिहिलं. नायक तोच, नाटककार तोच. पहिल्या नाटकाची कथा पूर्ण, दुसऱ्याचीही पूर्ण. त्याने ‘उत्तर’ वापरला, ‘अर्ध’ वापरला नाही. सीक्वेलला सर्वसाधारण मराठी शब्द कोणी विचारला तर मी ‘उत्तरकथा’च सांगेन.

मग या तीन पुस्तकांना उत्तरकथा म्हणून मोकळं व्हावं का? माझं मन थोडं अडतं. कारण क्लेअर यांनी याच जगात दुसऱ्याही मालिका लिहिल्या आहेत आणि उत्तरकथा हा शब्द त्यांच्यापैकी एकीला जास्त घट्ट बसतो. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या ‘द डार्क आर्टिफिसेस’मध्ये जग तेच, पण काळ काही वर्षांनी पुढचा, शहर लॉस एंजेलिस आणि मुख्य पात्रं दुसरी. ती झाली उत्तरकथा. तशीच ‘द इन्फर्नल डिव्हायसेस’ ही १८७८च्या लंडनमध्ये सुरू होणारी पूर्वकथा. (तिचं पहिलं पुस्तक २०१० मध्ये आलं, म्हणजे लिहिण्याच्या क्रमाने ती मूळ त्रयीनंतरची आहे. पूर्वकथेतला ‘पूर्व’ हा गोष्टीतला काळ सांगतो, छपाईचा नाही. आणि नियतकालिकांत क्रमशः कादंबरीच्या डोक्यावर ‘पूर्वकथा’ म्हणून मागच्या भागांचा सारांश देतात तो अर्थ वेगळा. तिथे मी ‘पूर्वसूत्र’ लिहिते, म्हणजे घोळ होत नाही.)

आपल्याला शब्द हवा आहे तो याहून नेमका. नाव तेच, मुख्य पात्रं तीच, पुस्तकांचे क्रमांकही चार, पाच, सहा असे पुढे चालू. पण मधे एक खरा शेवट होऊन गेला आहे. यासाठी माझी निवड आहे ‘दुसरे पर्व’.

‘पर्व’ म्हटलं की हल्ली दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचं ‘पर्व दुसरे’ आठवतं आणि काहींना तो शब्द तिथे वापरून झिजलेला वाटतो. मला तसं वाटत नाही. संस्कृतात ‘पर्वन्’ म्हणजे सांधा, गाठ. त्यापासूनच मराठीतलं ‘पेर’ आलं. बोटाची पेरं, उसाची पेरं. दोन पंधरवड्यांचा सांधा म्हणून अमावास्या-पौर्णिमा ही पर्वं, त्यावरून पर्वणी. महाभारताचे अठरा भाग म्हणजे अठरा पेरं. गंमत म्हणजे रामायणातलं ‘कांड’ही त्याच झाडाचं. दोन गाठींमधला खोडाचा भाग म्हणजे कांड, उसाचं कांडं. दोन्ही महाकाव्यांना आपले भाग मोजताना गाठी-गाठींनी वाढणारं खोड दिसलं. ‘दुसरे कांड’ मात्र आता म्हणता येणार नाही. हत्याकांड, जळीतकांड या शब्दांनी ‘कांड’ पार पळवून नेला आहे.

उसाचं एक पेर हातात घेऊन बघा. गाठीपाशी ते खरोखर संपतं. तिथे धागे आडवे बांधले गेलेले असतात, चाकूलाही जोर लावावा लागतो. आणि त्याच गाठीवर एका बाजूला बारीक फुगीर ठिपका असतो. शेतकरी त्याला डोळा म्हणतात. कोंब फुटतो तो डोळ्यातून. पेराच्या मधल्या गुळगुळीत भागातून कधीही फुटत नाही.

‘सिटी ऑफ ग्लास’च्या गाठीवर असा डोळा आहे. सेबॅस्टियन नावाचं पात्र त्या पुस्तकात मरतं आणि त्याचा देह नदीत जातो. वाचताना ती एक संपलेली बाब वाटते. चौथ्या पुस्तकापासूनचं सगळं कथानक तिथून फुटलं आहे. क्लेरीचा मित्र सायमन, त्याचंही तसंच. दुसऱ्या पुस्तकात तो रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर होतो. त्रयी संपताना त्याचा प्रश्न मिटल्यासारखा दिसतो, पण ज्याला कधीच वय येणार नाही अशा मुलाचं पुढे काय, हे कोणी विचारलेलंच नसतं. चौथं पुस्तक ते विचारतं. उत्तरार्धात धागा तुटलेला असतो आणि वाचकाला तो दिसत असतो. पर्वात गाठ बसलेली असते, वाचक समाधानाने उठलेला असतो, आणि कोंब मागाहून येतो. हा फरक शब्दाने सांगायला हवा, म्हणून मला पर्व हवं.

रामायणाचं उत्तरकांडही इथे आठवल्याशिवाय राहत नाही. युद्धकांडाच्या शेवटी फलश्रुती आहे, म्हणजे हे काव्य वाचल्याने, ऐकल्याने काय फळ मिळतं ते सांगणारे श्लोक. फलश्रुती ग्रंथ पुरा झाल्यावर येते. ती सहाव्या कांडाच्या शेवटी आहे, हे उत्तरकांड नंतरचं आहे असं मानणाऱ्या अभ्यासकांचं एक महत्त्वाचं कारण आहे. म्हणजे सुखान्त शेवटानंतर गोष्ट पुढे नेणं, आणि त्या पुढच्या भागाने आधीचा आनंद ढवळून काढणं, हे वाचकांना आजचं नवं नाही. उत्तरकांडात सीतेचा त्याग आहे. राज्याभिषेकापाशी थांबलेल्या श्रोत्याला तो माहीत नसता.

याच कारणाने कित्येक वाचक दुसऱ्या पर्वांवर रागावतात. त्यांच्या तोंडी ‘ताणली’, ‘पाणी घातलं’, ‘शिळ्या कढीला ऊत’ असे शब्द येतात. ते निवाड्याचे शब्द आहेत, नावं नव्हेत. परिचयात आधी नाव द्या, निवाडा खाली करा. पण ‘उत्तरार्ध’ म्हटल्याने निवाड्याची सोयच जाते, हे लक्षात घ्या. अर्धं राहिलेलं काम कोणी पुरं केलं तर त्याला ‘का केलंस’ असं कोण विचारील? ‘दुसरे पर्व’ म्हटलं की हा प्रश्न विचारता येतो. त्यामुळे तो शब्द लेखिकेच्या पहिल्या शेवटाशीही प्रामाणिक राहतो आणि दुसऱ्या आरंभाशीही.

शेतीतलाच आणखी एक शब्द मला या ठिकाणी फार जवळचा वाटतो: खोडवा. ऊस तोडून नेल्यावर जमिनीत राहिलेल्या खोडातून पुन्हा जे पीक घेतात तो खोडवा, त्याच्याही नंतरचा निडवा. पहिलं पीक पूर्ण घरी गेलेलं असतं, मुळं तीच असतात, नवी लागण करावी लागत नाही. खोडव्याचा उतारा बहुधा लागणीपेक्षा कमी पडतो, पण नीट राखला तर तोही चांगला येतो. मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. पुस्तकाच्या पाठीवर हा शब्द छापता येणार नाही, पण परिचयाच्या एखाद्या वाक्यात जरूर यावा.

उरलेले दोन शब्द पटकन. पात्रांच्या सुट्या कथांचे संग्रह, उदाहरणार्थ जादूगार मॅग्नस बेनवरचा २०१४चा ‘द बेन क्रॉनिकल्स’, यांना काय म्हणावं असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. संस्कृतात यासाठी ‘खिल’ आहे. खिल म्हणजे पेरलेल्या शेतांमध्ये राहिलेली पडीक पट्टी, आणि त्यावरून मूळ ग्रंथाला मागाहून जोडलेला भाग. हरिवंश महाभारताचं खिल आहे, श्रीसूक्त ऋग्वेदाच्या खिलांतलं. ज्यात अशी पडीक जागाच नाही ते ‘अखिल’. शब्द सुंदर आहे, पण आज ‘खिलकथा’ लिहिलं तर वाचक अडखळेल, ‘जोडकथा’ लिहा. आणि सहा पुस्तकं झाली म्हणून ‘त्रयी’ हा शब्द सोडू नका. ‘षटक’ लिहिलंत तर क्रिकेटच डोळ्यांपुढे येईल. तीन वेदांना त्रयी म्हणत. अथर्ववेद धरून वेद चार झाले, तरी त्या तिघांचं ते नाव राहिलंच. तसं इथे ‘मूळ त्रयी’ राहू दे.

आता तुमचं वाक्य. मी ते असं लिहीन: ‘मूळ त्रयी २००९ मध्ये पूर्ण झाली; मालिकेचे दुसरे पर्व २०११ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये संपले.’ पहिल्या अर्ध्या वाक्यातलं ‘पूर्ण’ गाळू नका. तुमच्या मैत्रिणीची रेघ त्याच शब्दासाठी होती.