भाच्याला जेल होईल का?

प्रश्न : माझ्या भाच्याने एका दुकानातून मोबाईल चोरला, किंमत साधारण बारा हजार. वय 20, पहिलीच वेळ, मोबाईल पोलिसांना परत मिळालाय. आता चार्जशीट झालीये. नातेवाईक म्हणतात जेलची हवा खाऊ दे, सरळ होईल. बहीण रडून रडून थकलीये. काय करावं? – एक मामा, सोलापूर

उत्तर : मामा, जेलने पोरगं सरळ होतं हे मला अजिबात पटत नाही. सहा महिने आत राहिलं की कॉलेज सुटतं, काम मिळत नाही, आणि ओळखी होतात त्या कुणाशी? इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण वर्षभरात परत गुन्हा करतात, आणि तशाच लोकांना बाहेर ठेवून समाजसेवा, देखरेख अशी शिक्षा दिली तर हे प्रमाण थोडं कमी भरतं. फार नाही, पण कमीच.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आलीये, पण चोरीत ती पाच हजारांच्या आतल्या मालासाठी, पहिल्यांदा दोषी ठरल्यावर आणि माल किंवा त्याची किंमत परत केल्यावरच, म्हणजे तुमच्या केसमध्ये बसत नाही. तुम्हाला उपयोगाचा आहे 1958 चा प्रोबेशन कायदा, म्हणजे दोषी ठरलेल्याला जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर बाहेर ठेवण्याचा कायदा. कलम 6 प्रमाणे 21 च्या आतल्या मुलाला अशा गुन्ह्यात जेलमध्ये पाठवायचं तर कोर्टाला आधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवावा लागतो आणि जेल का, याची कारणं लिहावी लागतात. वय मात्र कोर्ट शिक्षा सुनावतं त्या दिवशीचं बघतात, चोरी केली त्या दिवशीचं नाही! त्यामुळे उगाच तारखांवर तारखा घेऊ नका, वकिलांना हे आजच सांगा. एकवीस उलटलं तरी कलम 4 आहेच, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडता येतं, फक्त मग ते सगळं कोर्टाच्या मनावर.

प्रोबेशन ऑफिसर घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील, कॉलेजात चौकशी करतील. काही लपवू नका, बहिणीलाही सांगा.

असा बाँडवर सुटला तर याच कायद्याच्या कलम 12 मुळे दोषी ठरल्याने येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही, पण दोष पुसलाही जात नाही, नोकरीच्या फॉर्मवर विचारलं तर खरंच लिहायचं. आणि बाँड मोडला तर कोर्ट बोलावून याच चोरीची शिक्षा देऊ शकतं, हे भाच्याला तुम्ही स्वतः समोर बसवून सांगा, कारण मामाचं ऐकतात पोरं.