अमेरिकेतील छोट्या शहरांतील फंक आणि सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारांच्या सिंगल (प्रत्येक बाजूला एकच गाणे असलेल्या) तबकड्या इतक्या दुर्मीळ का असतात, आणि घेताना काय पाहावे?

1960 आणि 70 च्या दशकांत अनेक स्थानिक वाद्यवृंदांनी पदरमोड करून, मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या सात इंची तबकड्यांच्या जेमतेम काहीशे प्रती काढल्या. वितरक नसल्यामुळे त्या गावातील रेडिओ केंद्र आणि ओळखीपाळखीची दुकाने यांपलीकडे फारशा गेल्याच नाहीत. ओहायोतील कोलंबस येथे बिल मॉस यांनी सुरू केलेली ‘कॅपसोल’ ही तबकडी कंपनी अशीच काही वर्षांत बंद पडली. 2004 मध्ये जुनी गाणी पुन्हा प्रकाशित करणाऱ्या शिकागोच्या ‘न्युमेरो ग्रुप’ने तिची गाणी संकलित केल्यावर तिचे नाव बाहेर पसरले. इंग्लंडच्या ‘नॉर्दर्न सोल’ क्लबांत, म्हणजे दुर्मीळ अमेरिकन सोल गाण्यांवर नाचण्याच्या क्लबांत, तर दुर्मीळ गाण्याचे नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवून खोटेच नाव सांगत. (संगीतप्रेमाचा हा प्रकार मला फारसा रुचत नाही.)

खरेदी करताना तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी आणि शेवटची खाच व लेबल यांमधील गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले क्रमांक मूळ आवृत्तीच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत, कारण नकली प्रती केवळ लेबलवरून नेहमीच ओळखू येतात असे नाही. तबकडी विनाइलऐवजी स्टायरीन या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकची असेल तर अधिक सावध राहावे. झिजलेल्या सुईने ती फार लवकर खरखरू लागते.